खांदेरीचा संघर्ष (इ.स. १६७९-८०) : इंग्रज कंपनीची लहान गलबते आणि त्यांच्या मर्यादा

प्रस्तावना

सतराव्या शतकातील इंग्रजांच्या समुद्रप्रवासांचा इतिहास प्रायः मोठ्या जहाजांच्या आधारे लिहिला गेला आहे. तोफांच्या दोन-दोन ओळी, तीन डोलकाठ्या आणि शेकडो टनांची मालवहनक्षमता असलेली गलबते वाचकाच्या नजरेत भरतात. त्यांच्या मागे-पुढे चालणारी छोटी शिडाची होडी मात्र तळटीपेतही क्वचितच येते. वस्तुतः किनारा शोधणे, खाडीत शिरणे, खोली मोजणे, पाणी व लाकूड आणणे, निरोप पोहोचविणे आणि प्रसंगी लढणे ही वसाहतवादाची खरी रोजची कामे या लहान गलबतांनीच केली. इ.स. १६०६ च्या डिसेंबरात लंडनहून व्हर्जिनियाकडे निघालेल्या तीन जहाजांपैकी 'डिस्कव्हरी' हे सर्वांत लहान, सुमारे वीस टनांचे होते. १६०७ मध्ये जेम्सटाउनची वसाहत वसल्यानंतर मोठी दोन जहाजे परत गेली. मागे राहिले ते हेच. चेसापीकच्या खाड्या व नद्या धुंडाळण्यास मोठ्या जहाजाचा उपयोग नव्हता.

भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरही हाच अनुभव इंग्रजांना आला, परंतु येथे त्याला एक निराळे वळण मिळाले. अमेरिकेच्या किनाऱ्यावर त्यांच्या छोट्या गलबतांसमोर तोफा वाहणारी दुसरी गलबते नव्हती. कोकणच्या किनाऱ्यावर ती होती. त्यांचा स्वामी छत्रपती शिवाजी महाराज होता, आणि ती बांधणारे व हाकारणारे हात याच किनाऱ्यावरचे होते. या दोन प्रकारच्या लहान गलबतांची समोरासमोर गाठ इ.स. १६७९ मध्ये मुंबईच्या तोंडाशी असलेल्या खांदेरी बेटाजवळ पडली. त्या संघर्षात छोट्या गलबतांनी कोणती भूमिका बजावली, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

सातपुड्याच्या माथ्यावर, समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या चिखलदऱ्यासारख्या स्थळी या विषयाचे काय प्रयोजन, असा प्रश्न कोणी करील. त्याचे उत्तर समोर गाविलगडाच्या तटात आहे. १५ डिसेंबर १८०३ रोजी ज्या कंपनीच्या सैन्याने हा किल्ला घेतला, त्याच कंपनीला सव्वाशे वर्षांपूर्वी एका उघड्या, ओसाड खडकावरून दीडशे माणसे हटविता आली नव्हती. या दोन घटनांमधील अंतर समजून घेणे हे वऱ्हाडच्या इतिहासाच्या अभ्यासकाचेही काम आहे.

सुवाळीपासून मुंबईपर्यंत

इंग्रजांचे पहिले जहाज 'हेक्टर' हे इ.स. १६०८ च्या ऑगस्टात सुरतेच्या बंदराबाहेर आले. पण तेथे पाय रोवण्याइतकी प्रतिष्ठा त्यांना मिळाली ती १६१२ मध्ये. कॅप्टन थॉमस बेस्ट याच्याकडे 'रेड ड्रॅगन' हे मोठे जहाज आणि 'होसियँडर' हे त्याच्या मानाने बरेच लहान, सुमारे दोनशे टनांचे जहाज होते. नोव्हेंबरच्या अखेरीस सुवाळीजवळ नुनो द कुन्या याच्या हाताखालील चार पोर्तुगीज गॅलियन आणि त्यांच्याबरोबरच्या वल्ह्यांच्या होड्यांशी त्यांनी झुंज दिली. या झुंजीचे वर्णन करताना इंग्रज लेखक बेस्टच्या धैर्याचे गोडवे गातात. ते धैर्य नाकारण्याचे कारण नाही. तथापि सुवाळीच्या वाळूच्या पट्ट्यांमध्ये पोर्तुगीजांची भारी जहाजे रुतली आणि इंग्रजांची त्या मानाने हलकी जहाजे मोकळी फिरू शकली, ही गोष्ट त्या विजयात कमी महत्त्वाची नव्हती. पाण्याखालच्या जमिनीचा उतार आणि जहाजाच्या बुडाची खोली यांचा हिशेब या किनाऱ्यावर तोफांच्या संख्येइतकाच निर्णायक ठरतो, हा धडा तेथे प्रथम मिळाला. पुढे १६१३ च्या आरंभी जहांगीर बादशहाकडून व्यापाराची सनद आली.

सुरतेच्या वखारीला नंतर नित्य गरज पडली ती स्थानिक धाटणीच्या गुराबांची आणि गलबतांची. विलायतेहून येणारी जहाजे वर्षातून एकदा येत व माल भरून जात. वर्षभर किनाऱ्याचे रक्षण करण्यास, मलबारी लुटारूंना दूर ठेवण्यास आणि तापीच्या मुखातून माल आणण्या-नेण्यास येथेच बांधलेली व येथीलच खलाशी असलेली लहान तारवे हवी होती. कंपनीच्या आरमाराचा, म्हणजे पुढे 'बॉम्बे मरीन' या नावाने प्रसिद्ध झालेल्या दलाचा उगम या लहान तारवांत आहे. हे दल जन्मापासूनच मिश्र होते. निशाण इंग्रजी, अधिकारी इंग्रज, काही सैनिक इंग्रज व काही 'टोपास' म्हणून ओळखले जाणारे ख्रिस्ती मिश्रवंशीय. परंतु लाकूड, बांधणी, शीड, सुकाणू आणि वारा ओळखणारी नजर देशी.

मुंबई बेट इ.स. १६६१ च्या विवाहकरारान्वये पोर्तुगालने इंग्लंडच्या राजाला दिले; प्रत्यक्ष ताबा १६६५ मध्ये मिळाला आणि १६६८ मध्ये राजाने ते कंपनीस वार्षिक दहा पौंड खंडाने दिले. बेट आले, पण त्याच्या रक्षणास आरमार नव्हते. १६७० च्या सुमारास वॉरविक पेट या जहाजबांधणीकुशल घराण्यातील माणसाला कंपनीने मुंबईस पाठविले. गव्हर्नर जेराल्ड ऑन्जिअर याने तटबंदी, नागरिकांचे सैन्य आणि काही सशस्त्र गलबते यांची जुळवाजुळव केली. परंतु १६७७ मध्ये तो मरण पावला, आणि लंडनच्या संचालकांना मुंबईचा लष्करी खर्च डोईजड वाटू लागला. दशकाच्या अखेरीस शिबंदी कमी झाली. खांदेरीचा प्रसंग उद्भवला तेव्हा मुंबईकरांजवळ लढण्याजोगे एकच खरे जहाज उरले होते, ते 'रिव्हेंज' नावाचे फ्रिगेट. बाकी सर्व भाड्याने किंवा गावातून गोळा करावयाचे होते.

मराठ्यांची गलबते

शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतल्यानंतर (१६५७) तेथील खाडीत जहाजबांधणीस आरंभ केला. १६५९ मध्ये रुई लैतांव व्हिएगस हा पोर्तुगीज कारागीर आपल्या मुलासह या कामावर होता, असे पोर्तुगीज कागदांवरून दिसते. पुढे पोर्तुगीज अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून तो निघून गेला, तरी बांधणी थांबली नाही. कारागिरी किनाऱ्यावर मुरलेलीच होती. १६६५ च्या फेब्रुवारीत बसरूरवर स्वारी झाली तेव्हा महाराजांजवळ पंच्याऐंशी लहान व तीन मोठी जहाजे असल्याची नोंद इंग्रजांनी केली आहे. सभासदाच्या बखरीत गुराब, तरांडे, गलबत, शिबाड, पगार अशी तारवांची नावे येतात. या नावांकडे केवळ यादी म्हणून पाहू नये. प्रत्येक नावामागे एक वेगळे काम आहे.

गुराब आणि गलबत यांचे सर्वांत तपशीलवार वर्णन रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने अठराव्या शतकात केले. ते आंग्र्यांच्या काळातील आहे, त्यामुळे १६७९ ला जसेच्या तसे लावता येणार नाही. परंतु मूळ घडण फारशी बदललेली नसावी. त्यानुसार गुराबाला बहुधा दोन आणि क्वचित तीन डोलकाठ्या असत. दोन काठ्यांचा गुराब दीडशे टनांपर्यंत, तीन काठ्यांचा तीनशे टनांपर्यंत. रुंदी लांबीच्या मानाने जास्त, बूड उथळ. पुढचे टोक युरोपीय जहाजासारखे फुगीर नसून निमुळते व पुढे आलेले. त्यावर कठडे नसत, म्हणजे लाट आली तर पाणी वरून वाहून जाई. मुख्य तळाच्या पुढच्या भिंतीत छिद्रे पाडून दोन तोफा या नाळीवरून सरळ समोर डागल्या जात. युरोपीय जहाज कुशीवर वळून मारा करते, तर गुराब तोंडाने मारा करतो. वैऱ्याला आपली अरुंद बाजू दाखवून त्याच्यावर गोळे टाकण्याची ही सोय होती, आणि पाठलागात ती विशेष उपयोगी पडे.

गलबत हे त्याहून लहान, सत्तर टनांच्या आतले. मुख्य डोलकाठीवर एकच मोठे त्रिकोणी शीड, मागची काठी नावापुरती. वजन कमी राहावे म्हणून वरचा तळ पुष्कळदा चिरलेल्या बांबूंचा. त्यावर फिरत्या खुंट्यांवरील छोट्या तोफा; मोठ्या गलबतावर दोन ते चार पौंडी गोळ्यांच्या सहा-आठ तोफा. खरे बळ मात्र चाळीस-पन्नास वल्ह्यांत होते. वारा पडला तरी ते ताशी चार मैल चाले. कोकणच्या किनाऱ्यावर पावसाळ्यानंतरच्या महिन्यांत पहाटे जमिनीवरून मंद वारा येतो, सकाळी तो पडतो आणि दुपारनंतर समुद्रावरून वारा सुरू होतो. मधल्या निर्वात काळात शिडाचे जहाज लाकडाच्या ओंडक्यासारखे पडून राहते. वल्ह्यांच्या गलबताला तोच काळ सोयीचा.

इंग्रजांनी खांदेरीवर जी तारवे जमविली त्यात शिबाड व मचवा हे प्रकार मुख्य होते. शिबाड हे मूलतः मालवाहू तारू. भात, नारळ, लाकूड, मीठ वाहण्यास योग्य. पोट मोठे, चाल मंद. त्यावर सैनिक चढविले म्हणून ते युद्धनौका होत नाही. मराठ्यांच्या आरमारातही शिबाडे होती, पण ती रसदेसाठी.

खांदेरीचा पेच

खांदेरी हे बेट मुंबईच्या दक्षिणेस सुमारे वीस किलोमीटरवर, थळच्या किनाऱ्यासमोर आहे. त्याच्या व किनाऱ्याच्या दरम्यान, किनाऱ्यास अधिक लागून, उंदेरी आहे. खांदेरीवर ज्याचे निशाण, त्याला मुंबई बंदरात येणारे-जाणारे प्रत्येक शीड दिसते. महाराजांची नजर मात्र मुंबईपेक्षा जंजिऱ्याच्या सिद्दीवर अधिक होती. मोगलांच्या आश्रयाखालील सिद्दीचे आरमार पावसाळ्यात माझगावच्या आश्रयाला येई, तेथून समोरच्या मराठी मुलखात लूटमार करी, आणि इंग्रज त्याला ना धड रोखत ना धड साहाय्य करीत. १६७८ मध्ये मराठ्यांनी पनवेलच्या बाजूने येऊन सिद्दीची जहाजे जाळण्याचा बेत केला, तो सिद्धीस गेला नाही. त्यामुळे सिद्दीच्या वाटेवरच चौकी बसविणे हा उपाय उरला. १६७२ मध्ये खांदेरी बांधण्याचा एक प्रयत्न झाला होता; सिद्दी व इंग्रज यांच्या विरोधामुळे तो सोडावा लागला होता.

१६७९ च्या पावसाळ्याच्या शेवटी मायनाक भंडारी याने सुमारे दीडशे माणसे आणि चार लहान तोफा घेऊन बेटावर काम सुरू केले. ही वेळ काळजीपूर्वक निवडली असावी. समुद्र पुरता शांत झालेला नसतो, मोठी जहाजे अद्याप बंदरात ओढलेली असतात, पण थळहून बेटापर्यंतची अल्प वाट लहान होड्या ओहोटी-भरती पाहून काटू शकतात. मुंबईस बातमी लागली तोवर दगड रचले जाऊ लागले होते.

इंग्रजांचा दावा असा की, हे बेट मुंबईच्या अखत्यारीतले आहे. पोर्तुगीजही ते आपले म्हणत. सप्टेंबरच्या आरंभी एन्साइन ह्यूज याला काही शिबाडांसह पाठवून मराठ्यांना बेट सोडण्यास सांगण्यात आले. महाराजांच्या आज्ञेवाचून हलणार नाही, असे उत्तर आले. मग 'रिव्हेंज' व आणखी शिबाडे रवाना झाली. वरिष्ठांची सूचना नाकेबंदी करण्याची होती, उतरण्याची नव्हती. तरीही १९ सप्टेंबर रोजी लेफ्टनंट फ्रान्सिस थॉर्प याने शिबाड खडकाळ किनाऱ्यास लावून उतरण्याचा प्रयत्न केला. तो व आणखी दोन इंग्रज मारले गेले, काही कैद झाले, शिबाड गमावले. मुंबईस धक्का बसला तो मृतांच्या संख्येचा नव्हे. महसुलाच्या, व्यापाराच्या आणि पत्रांच्या भाषेत चाललेला वाद रक्तावर आला, आणि त्यात पहिली बाजू मराठ्यांची ठरली, याचा तो धक्का होता.

येथे तारखांसंबंधी एक खुलासा आवश्यक आहे. इंग्रज त्या काळी जुनी (ज्युलियन) कालगणना पाळीत. पोर्तुगीज नवी (ग्रेगोरियन). सतराव्या शतकात दोहोंत दहा दिवसांचे अंतर होते. शिवाय इंग्रजांचे वर्ष २५ मार्चला सुरू होई, त्यामुळे जानेवारी १६८० चे पत्र मुळात १६७९ या वर्षाचे असते. मराठी साधनांतील तिथी इंग्रजी पत्रांतील तारखांशी जुळविताना हे ध्यानात न घेतल्याने काही ग्रंथांत घटनांचा क्रम उलटसुलट झालेला आढळतो. प्रस्तुत निबंधातील १६७९-८० च्या संघर्षाच्या तारखा इंग्रजी कागदांप्रमाणे, म्हणजे जुन्या पद्धतीच्या आहेत.

१८ ऑक्टोबर १६७९

थॉर्पनंतर कंपनीने कॅप्टन रिचर्ड केग्विन याच्याकडे सूत्रे दिली. हा अनुभवी सैनिक होता; सेंट हेलेना बेटाचा गव्हर्नर म्हणून त्याने काम केले होते. त्याच्याजवळ आठ तारवे जमली : 'रिव्हेंज' फ्रिगेट, दोन गुराब, तीन शिबाडे आणि दोन मचवे, शिवाय सुमारे दोनशे सैनिक. 'रिव्हेंज'चे नेतृत्व कॅप्टन विल्यम मिंचिन करीत होता. दोन गुराबांपैकी एकाचे नाव 'डव्ह', म्हणजे कबुतर. त्यावर सार्जंट मॉलेव्हरर याच्या हाताखाली सैनिक होते.

१८ ऑक्टोबरच्या सकाळी दौलतखानाच्या अधिपत्याखाली सुमारे साठ मराठी गलबते किनाऱ्याकडून निघाली. ती इतक्या वेगाने आली की, इंग्रजांना नांगर उचलण्यासही पुरती उसंत मिळाली नाही. पहिल्याच तडाख्यात 'डव्ह'ने निशाण उतरविले व तो मराठ्यांच्या हाती पडला. बाकीची शिबाडे व मचवे झुंजीपासून दूर झाले. 'रिव्हेंज' एकटे उरले. केग्विन व मिंचिन यांनी मराठी गलबतांना अगदी जवळ येऊ दिले आणि मग तोफा डागल्या. पाच गलबते बुडाली. उरलेली मागे फिरली आणि नागोठण्याच्या खाडीच्या तोंडाशी, जेथे 'रिव्हेंज'चे बूड लागले असते अशा उथळ पाण्यात गेली.

या दिवसाचे दोन इतिहास लिहिले गेले आहेत. इंग्रजी लेखनात तो एका फ्रिगेटने पन्नास शत्रुनौका पळवून लावल्याचा दिवस आहे. मराठी लेखनात, विशेषतः विसाव्या शतकातील गौरवपर लेखनात, तो इंग्रजांच्या दारुण पराभवाचा दिवस आहे. दोन्ही विधानांत अंशतः सत्य असल्याने दोन्ही टिकून आहेत. मराठ्यांच्या हलक्या गलबतांना जाड लाकडाच्या, कुशीतून मारा करणाऱ्या जहाजाला घेरून जिंकणे जमले नाही, हे मान्य केले पाहिजे. बांबूच्या तळाला सहा-नऊ पौंडी गोळा सोसत नाही. परंतु त्याच दिवशी इंग्रजांचा गुराब मराठ्यांनी घेतला आणि इंग्रजांचीच लहान तारवे निकामी ठरली, हे इंग्रजी कथनात मिंचिनच्या शौर्याखाली झाकले जाते.

खरा प्रश्न त्या दिवशी कोण जिंकले हा नव्हताच. खांदेरीवर धान्य, दारूगोळा आणि चुना पोहोचतो की नाही, हा होता. येथे इंग्रजांची फजिती त्यांच्याच पत्रांतून वाचावयास मिळते. रात्री, किंवा वारा पडला असता, मराठ्यांच्या होड्या थळच्या बाजूने निघून नाकेबंदीच्या फटींतून बेटाला लागत आणि उजाडण्यापूर्वी परत फिरत. 'रिव्हेंज' बेटाच्या पूर्वेस उथळ पाण्यात येऊ शकत नव्हते. शिबाडे येऊ शकत होती, पण त्यांना गाठता येत नव्हते. मराठ्यांची होडी आपल्या होडीपेक्षा चपळ आहे, ही कबुली तोफांच्या अभिमानाइतकीच या पत्रव्यवहारात ठळक आहे. मुंबईकरांना हवे होते ते आणखी एक फ्रिगेट नव्हते. हवी होती वीस-पंचवीस चांगली गलबते आणि ती वल्हविणारी विश्वासू माणसे. ती माणसे किनाऱ्यावर होती, पण त्यांतील मोठा भाग महाराजांच्या मुलखातला. भंडारी व कोळी समाजातील जी कुशल माणसे कंपनीला मुंबईत मिळत, त्यांची नातीगोती खाडीपलीकडे पसरलेली होती. त्यांनी कोणाच्या बाजूने किती जोर लावला हे कागदांतून मोजता येणार नाही. तथापि 'डव्ह'च्या शरणागतीचा दोष एकट्या सार्जंटच्या भित्रेपणावर टाकणारी इंग्रजी परंपरा या बाजूकडे पाहतच नाही.

मॉलेव्हरर व त्याच्या सोबतच्या कैद्यांना सागरगडावर ठेवण्यात आले. तेथून त्याने मुंबईस पत्रे पाठविली. युद्धाच्या मोठ्या वृत्तांतात या माणसांना जागा नाही. पुढील तडजोडीत मात्र त्यांच्या सुटकेचा प्रश्न होताच.

खर्चाचा हिशेब

नोव्हेंबरात सिद्दी कासीम आपल्या आरमारासह आला. इंग्रजांना प्रथम आनंद झाला आणि लवकरच धास्ती वाटू लागली. सिद्दीने खांदेरी जिंकले तर तो ते सोडणार नाही, हे त्यांना उमगले. मराठ्यांपेक्षा सिद्दी शेजारी बरा, असे म्हणण्याची त्यांची तयारी नव्हती. दरम्यान सुरतेहून येणाऱ्या पत्रांचा सूर बदलला. कंपनी व्यापारासाठी आहे, बेटासाठी तिने दिवाळे काढू नये, असा त्याचा आशय. शिबाडांचे भाडे, खलाशांचा पगार, टोपासांचा भत्ता, बुडालेल्या तारवांची भरपाई यांची रक्कम रोज वाढत होती. मुंबई जळाऊ लाकूड व धान्य यांसाठी समोरच्या मुलखावर अवलंबून होती, तो मुलूख महाराजांचा. कल्याण-भिवंडीकडे मराठी फौज जमल्याच्या वार्तेने तर बेटाच्या उत्तर टोकाविषयीच काळजी उत्पन्न झाली. १६७४ मध्ये रायगडावर हेन्री ऑक्झिंडेनने केलेला तह, राजापूरच्या वखारीचा हिशेब, दक्षिणेतील कापडाचा व्यापार, हे सर्व एका खडकासाठी पणास लावणे परवडणारे नव्हते.

इ.स. १६८० च्या प्रारंभी इंग्रजांनी खांदेरीवरील आपली तारवे काढून घेतली व मराठ्यांशी तडजोड केली. सिद्दीला मुंबईत आश्रय देण्याबाबतचा वाद त्या तडजोडीच्या केंद्रस्थानी होता. ज्या कारणासाठी महाराजांनी खांदेरी बांधले, तेच कारण करारात उतरले, हे विशेष. सिद्दी कासीमने जानेवारीत उंदेरीवर तोफा चढवून स्वतःपुरता तोडगा काढला. दौलतखानाने त्याच महिन्याच्या अखेरीस उंदेरीवर केलेला हल्ला फसला. ३ एप्रिल १६८० रोजी महाराजांचे निधन झाले. खांदेरी मराठ्यांकडे राहिले, उंदेरी सिद्दीकडे. दोन्ही बेटे पुढे कित्येक वर्षे एकमेकांवर गोळे टाकीत राहिली.

केग्विनची पुढील हकीकत या विषयाशी निगडित आहे. सैनिकांच्या पगारातील कपात आणि मुंबईच्या रक्षणाविषयी संचालकांची बेफिकिरी यांना विटून त्याने २७ डिसेंबर १६८३ रोजी मुंबईत बंड केले व जवळजवळ वर्षभर बेट राजाच्या नावाने चालविले. या काळात संभाजी महाराजांशी त्याने करार केला आणि सिद्दीला मुंबईपासून दूर ठेवले. खांदेरीसमोर भाड्याच्या शिबाडांच्या भरवशावर लढण्याची वेळ ज्याच्यावर आली होती, त्या अधिकाऱ्याचे हे धोरण होते.

नंतरची वाट

खांदेरीपासून कंपनी काय शिकली, याचे उत्तर लगेच मिळत नाही. कान्होजी आंग्र्यांच्या काळात तीच चूक मोठ्या प्रमाणावर झाली. १७१२ मध्ये मुंबईच्या गव्हर्नरची सशस्त्र होडी कारवारच्या वाटेवर आंग्र्यांच्या गलबतांनी पकडली. त्या झुंजीत कारवारचा वखारप्रमुख थॉमस चाउन मारला गेला आणि त्याच्या विधवेच्या सुटकेसाठी तीस हजार रुपये मोजावे लागले. १७१८ मध्ये खांदेरीवर, १७२० मध्ये विजयदुर्गावर आणि १७२१ मध्ये पोर्तुगीजांसह कुलाब्यावर केलेले हल्ले निष्फळ ठरले. जहाजे मोठी होत गेली, पण किनारा तेवढाच उथळ राहिला.

मात्र हळूहळू बॉम्बे मरीनने स्वतःचे गुराब व गलबते वाढविली. १७३६ मध्ये सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया मुंबईच्या गोदीत आले आणि सागवानी बांधणीची परंपरा तेथे स्थिरावली. कंपनीच्या बाजूने निर्णायक ठरले ते आणखी एक कारण, आणि ते मराठी इतिहासकाराला सुखावह नाही. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग आणि १३ फेब्रुवारी १७५६ रोजी विजयदुर्ग इंग्रजांनी घेतले ते पेशव्यांशी संगनमत करून, तुळाजी आंग्र्यांविरुद्ध. विजयदुर्गच्या खाडीत आंग्र्यांचे आरमार जळाले. खांदेरीच्या वेळी ज्या चपळ गलबतांपुढे इंग्रजांनी हात टेकले, त्यांची वंशावळ त्या आगीत जवळपास संपली. बाळाजी बाजीरावाच्या या निर्णयावर सरदेसाईंपासून आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. आंग्र्यांचे वर्तन पेशव्यांना असह्य झाले होते हे खरे. पण आरमार हे घराण्याचे नसून राज्याचे असते, ही रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात स्पष्टपणे मांडलेली दृष्टी चाळीस वर्षांत लोपली, हेही तितकेच खरे.

१८०२ च्या डिसेंबरात यशवंतराव होळकरांकडून पराभूत झालेला दुसरा बाजीराव महाडमार्गे सुवर्णदुर्गास गेला आणि तेथून इंग्रजी जहाजाने वसईस पोहोचला. ज्या किनाऱ्यावर मराठ्यांच्या शेकडो होड्या फिरत, त्याच किनाऱ्यावर पेशव्याला परक्या शिडाखाली प्रवास करावा लागला. ३१ डिसेंबर रोजी वसईचा तह झाला. त्यातून उद्भवलेले युद्ध वर्षाच्या आत वऱ्हाडात येऊन पोहोचले. अडगावचा रणसंग्राम २९ नोव्हेंबर १८०३ रोजी झाला, १५ डिसेंबरला गाविलगड पडला व किल्लेदार बेनीसिंग तेथेच कामास आला. १७ डिसेंबरला देवगाव येथे नागपूरकर भोसल्यांनी तह केला आणि ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगाव येथे शिंद्यांनी.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने 'भारतातील मराठा लष्करी भूदृश्ये' या नावाने जे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यांत खांदेरी आहे. गाविलगड त्या यादीत नाही. खांदेरीच्या तटावर आज पाहणाऱ्यास तोफा आणि १८६७ मध्ये उभारलेला दीपस्तंभ दिसतो. ज्या होड्यांनी तो तट उभा करण्यासाठी थळहून चुना व दगड वाहिले, त्यांपैकी एकही उरलेली नाही. लाकूड समुद्रात टिकत नाही. त्या होड्यांविषयी जे सांगता येते ते बव्हंशी त्यांना पकडू न शकलेल्या इंग्रजांच्या पत्रांतून, आणि ती पत्रे पुण्याच्या शिवचरित्र कार्यालयाने १९३१ मध्ये एकत्र छापली आहेत.